ओपन सोर्स ब्लॉकचेन आणि डेव्हलपरची नियत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर रविवारी संगणकाचा एक छोटा अभ्यासवर्ग भरतो. कॉलेजची मुले येतात, सेतू केंद्र चालवणारे येतात, आणि वेचणीची धांदल नसली की दोन-चार शेतकरीही येऊन बसतात. ब्लॉकचेनचा, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे (ब्लॉक) एकामागे एक साखळीत जोडून अनेक संगणकांवर जपलेल्या सामाईक वहीचा, विषय निघाला की प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो: ज्याने प्रोग्राम लिहिला त्यानेच त्यात खोट ठेवली, किंवा डुलकी लागून चूक केली, तर आपण काय करायचे? खालील उत्तरे याच प्रश्नाची आहेत. भाव चढेल की उतरेल, हे येथे सापडणार नाही.

कोड सर्वांसाठी खुला आहे, म्हणजे त्यात कोणीही हवे ते घुसडू शकतो का?

नाही. वाचणे सर्वांना खुले आहे. मूळ प्रतीत लिहिण्याचा अधिकार मोजक्या लोकांकडे असतो. आपल्याकडे जमिनीची खरेदी झाली की तलाठी फेरफाराची नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. तोवर सातबारा बदलत नाही. बिटकॉइन या ब्लॉकचेनवर चालणाऱ्या डिजिटल चलनाचा सर्वाधिक वापरला जाणारा प्रोग्राम ‘बिटकॉइन कोअर’ हा आहे आणि त्यात बदल करण्याची रीतही साधारण अशीच आहे. ज्याला बदल सुचवायचा आहे तो आपल्या प्रतीत तो करतो आणि प्रस्ताव मांडतो. या प्रस्तावाला पुल रिक्वेस्ट म्हणतात. इतर डेव्हलपर त्याची ओळ न् ओळ तपासतात, शंका काढतात, आपल्या यंत्रावर चालवून पाहतात, स्वयंचलित चाचण्या होतात, आणि या सगळ्यातून तो पार पडला तरच मेंटेनर म्हणवणाऱ्या मूठभर लोकांपैकी कोणीतरी तो मूळ प्रतीत घेतो.

फरक दोन आहेत. येथे हरकत घेण्यासाठी हितसंबंध दाखवावा लागत नाही. लोणार असो की लिस्बन, कोणीही घेऊ शकतो. आणि मुदत अशी नसतेच, त्यामुळे काही प्रस्ताव वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. घाईत असलेल्या डेव्हलपरला याचा फार राग येतो. माझ्या मते ही दिरंगाईच या व्यवस्थेची निम्मी राखण आहे.

मेंटेनरच फितूर झाला तर?

तर तो मूळ प्रत बिघडवू शकतो. आपल्या यंत्रावर चाललेला प्रोग्राम तो बिघडवू शकत नाही, आणि सगळा भेद येथेच आहे.

कापूस खरेदी केंद्रावर नेण्यापूर्वी शेतकरी घरच्या काट्यावर एकदा वजन करून घेतो. केंद्रावरचा काटा खोटा असला तरी त्याच्या घरचा काटा त्यामुळे खोटा होत नाही. आकडे जुळले नाहीत तर तो गाडी परत वळवू शकतो. ब्लॉकचेनमधील पूर्ण नोड, म्हणजे सगळी साखळी स्वतः तपासणारा संगणक, हा असा घरचा काटा. प्रत्येक नोड प्रत्येक व्यवहार आपल्याजवळच्या नियमांनी स्वतः तपासतो आणि नियमात न बसणारा ब्लॉक फेकून देतो, मग तो कोणीही पाठवलेला असो. बिटकॉइन कोअरमध्ये आपोआप अपडेट होण्याची सोय जाणीवपूर्वक ठेवलेली नाही. नवी आवृत्ती घ्यायची की जुनीवरच राहायचे, हे नोड चालवणाऱ्याने स्वतः ठरवायचे असते.

२०१६ च्या मे महिन्यात याचा एक नमुना पाहायला मिळाला. गॅव्हिन अँड्रेसन हे बिटकॉइनचे अज्ञात जनक सातोशी नाकामोतो यांच्यानंतर बिटकॉइनच्या विकासाची धुरा सांभाळणारे गृहस्थ. क्रेग राइट हे ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञच सातोशी असल्याची ग्वाही अँड्रेसन यांनी जाहीरपणे दिली, तेव्हा त्यांचे खाते हॅक झाले असावे या शंकेने इतरांनी त्यांचा मूळ प्रतीत लिहिण्याचा अधिकार काढून घेतला. जाळ्याचे (नेटवर्कचे) कामकाज एक मिनिटही थांबले नाही.

दुसरा नमुना कंपन्यांचा आहे. ५० हून अधिक कंपन्यांनी मे २०१७ मध्ये एकत्र येऊन ब्लॉकचा आकार वाढवण्याचा करार केला आणि खाणकामाच्या (नवे ब्लॉक तयार करण्याच्या संगणकी कामाच्या) ८० टक्क्यांहून अधिक ताकदीचा आपल्याला पाठिंबा असल्याचे सांगितले. तरीही नोड चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या बदलाचा प्रोग्राम घेतला नाही, आणि ८ नोव्हेंबर २०१७ रोजी ती योजना पुढाऱ्यांनीच गुंडाळली.

घरचा काटा, म्हणजे नोड, प्रत्यक्ष चालवता येतो का? तो काय तपासतो?

येतो. वाचनालयातील एका जुन्या लॅपटॉपला एक टीबीची डिस्क जोडून आम्ही बिटकॉइनचा नोड सुरू केला. साखळीचा आकार ६०० जीबीहून अधिक आहे, त्यामुळे सगळे ब्लॉक उतरवून तपासायला अनेक दिवस गेले. दुसऱ्या आठवड्यात रात्री वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी केव्हाच बसलेली होती, आणि अर्ध्यात बंद पडल्याने आतील नोंदी विस्कटल्या. सकाळी प्रोग्रामने पडद्यावर सांगितले की सर्व पुन्हा तपासावे लागेल, आणि आकडा शून्य टक्क्यावर आला. तो ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून पुन्हा एकेक पान उलटत पुढे सरकताना पाहिला, तेव्हा वर्गातील मुलांना ‘विश्वास न ठेवता तपासणे’ म्हणजे काय ते माझ्या तीन व्याख्यानांपेक्षा चांगले समजले. त्यानंतर आम्ही इन्व्हर्टरची सोय केली.

नोड काय तपासतो, तर खर्च करणाऱ्याची सही खरी आहे का, तोच पैसा दोनदा तर खर्च होत नाही ना, आणि ब्लॉक तयार करणाऱ्याने ठरल्यापेक्षा जास्त मोबदला तर घेतला नाही ना. हा मोबदला एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन आहे, व्यवहारशुल्क वेगळे. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत, ही मर्यादाही याच तपासणीतून पाळली जाते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती बहुतेक जण सांगत नाहीत. वेळ वाचावा म्हणून फार जुन्या ब्लॉकमधील सह्यांची तपासणी मूळ सेटिंगमध्ये वगळलेली असते. रकमा मात्र तपासल्या जातात. म्हणजे तेवढ्यापुरता आपण डेव्हलपरांच्या शब्दावर विसंबतो. ते सेटिंग बदलता येते. आम्ही बदलले, म्हणूनही वेळ जास्त लागला.

नियम बदलायचे असतील तर मतदान होते का?

ज्याला आपण मतदान म्हणतो तसे नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा लेखा हे गाव ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी ओळखले जाते, आणि तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. विषय आधी अभ्यासगटात घोळला जातो आणि मगच सभेपुढे येतो. बिटकॉइनचे चालणे त्याच्या बरेच जवळचे आहे. सुधारणेचा लेखी प्रस्ताव क्रमांकासह प्रसिद्ध होतो, त्यावर महिनोन्‌महिने खल होतो, आणि ठोस कारणाने घेतलेल्या हरकतीचे समाधान झाल्याखेरीज तो सहसा पुढे जात नाही. येथे सभेला येणाऱ्यांची यादी नसते आणि खऱ्या-खोट्या नावांचा हिशेब लागत नाही. एकच माणूस शंभर नावांनी बोलू शकतो. त्यामुळे डोकी मोजण्यात अर्थच राहत नाही, मुद्दे तोलावे लागतात.

ही पद्धत वेदनारहित नाही. सेगविट ही (सह्यांची जागा वेगळी करून ब्लॉकमध्ये अधिक व्यवहार मावू देणारी) सुधारणा ऑगस्ट २०१७ मध्ये लागू होईपर्यंत इतकी भांडणे झाली की एक गट १ ऑगस्ट २०१७ रोजी वेगळा होऊन बिटकॉइन कॅश हे स्वतंत्र चलन घेऊन निघून गेला. घर फुटले, पण न पटणारे नियम कोणालाही स्वीकारावे लागले नाहीत.

खरोखर मोठी चूक कधी झाली आहे का?

झाली आहे, एकदा नव्हे. यातील तीन प्रसंग मी प्रत्येक वर्गात सांगतो.

पहिला १५ ऑगस्ट २०१० चा. ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये कोणीतरी असा व्यवहार केला की शून्यातून १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन तयार झाले. जुन्या मोटारसायकलच्या मीटरवर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येते, तसा प्रकार होता: दोन प्रचंड रकमांची बेरीज संगणकाच्या आकड्यात मावली नाही, ती उलटून क्षुल्लक दिसली आणि तपासणीतून सुटली. जेफ गार्झिक या डेव्हलपरला ब्लॉकमधील रक्कम विचित्र दिसली, काही तासांत सातोशी यांनी दुरुस्त आवृत्ती दिली, लोकांनी ती घेतली आणि बरोबर साखळीने चुकीच्या साखळीला मागे टाकले. त्या वेळी जाळे लहान होते, म्हणून हे जमले.

दुसरा मार्च २०१३ चा. नव्या ०.८ आवृत्तीत आतील डेटाबेस बदलला होता. २,२५,४३० व्या ब्लॉकपाशी नव्या आवृत्तीने स्वीकारलेला ब्लॉक जुन्या डेटाबेसला पेलला नाही, आणि साखळी दुभंगली. यात कोणाची लबाडी नव्हती आणि ढोबळ अर्थाने चूकही नव्हती. जुन्या डेटाबेसला एक मर्यादा आहे, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. तोडगा असा निघाला की मोठ्या खाणवाल्यांनी आपले उत्पन्न सोडून मुद्दाम जुन्या आवृत्तीवर परत जायचे. ते गेले, आणि काही तासांत दोन्ही फाटे एक झाले.

तिसरा प्रसंग मला सर्वांत जास्त बोचतो. एकाच व्यवहारात तेच नाणे दोनदा दिले आहे का, ही तपासणी ब्लॉकच्या बाबतीत अनावश्यक आहे असे समजून, वेग वाढवण्यासाठी ती काढण्यात आली. बदल जाणकारांनी तपासला होता, चाचण्याही झाल्या होत्या, आणि तरीही नवे बिटकॉइन निर्माण करता येईल असे भगदाड सप्टेंबर २०१७ च्या ०.१५ आवृत्तीपासून सप्टेंबर २०१८ पर्यंत उघडे राहिले. ते कळवले कोणी, तर बिटकॉइन कॅशच्या, म्हणजे भाऊबंदकी करून निघून गेलेल्या घरातल्या, डेव्हलपरने. दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी आली, पण पहिल्या निवेदनात फक्त नोड बंद पडण्याचा धोका सांगितला गेला. नोटा छापता येण्याचा धोका पुरेशा लोकांनी दुरुस्ती घेईपर्यंत दोन दिवस झाकून ठेवला. खुलेपणाच्या जगात हे खपवून घ्यावे का, यावर वर्गात नेहमी वाद होतो. मी झाकणाऱ्यांच्या बाजूने आहे.

‘हजारो डोळे कोड पाहत असतात’ हे कितपत खरे आहे?

पाहू शकतात, एवढेच खरे. ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या खुल्या लायब्ररीतील (इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचातील) हार्टब्लीड ही चूक एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस येईपर्यंत दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होती. बिटकॉइन कोअरने पुढे ती लायब्ररी पूर्णच काढून टाकली. २०२० च्या ०.२० आवृत्तीपासून तिची गरज उरली नाही. जितका कमी कोड बाहेरून घ्याल, तितका कमी वाचावा लागेल, हा त्यामागचा हिशेब आहे.

हेतुपुरस्सर दगाबाजीचे सर्वांत अभ्यासण्यासारखे उदाहरण ब्लॉकचेनबाहेरचे आहे. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामवर ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ इमानदारीने काम केले, थकलेल्या मूळ मेंटेनरचा विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये त्यात चोरदरवाजा बसवला. तो मार्च २०२४ मध्ये सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे खटकले. चोरदरवाजा जोडणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या मूळ प्रतीत नव्हताच. लोक उतरवून घेतात त्या बांधलेल्या पुडक्यात तो होता.

मग उतरवून घेतलेली फाइल खरी आहे, हे आपण कसे ओळखायचे?

बिटकॉइन कोअर २०२१ च्या २२.० आवृत्तीपासून गिक्स नावाच्या साधनाने बांधला जातो. त्यामुळे वेगवेगळ्या देशांतील माणसांनी, वेगवेगळ्या यंत्रांवर, त्याच कोडपासून प्रोग्राम तयार केला तरी निघणारी फाइल बिट न् बिट सारखी असते. प्रत्येक जण आपल्या फाइलचा हॅश, म्हणजे अंगठ्याचा ठसाच म्हणा, सही करून प्रसिद्ध करतो. पुडक्यात काही मिसळायचे तर या सर्वांना एकदम फितवावे लागेल.

आपण एवढेच करायचे की फाइल उतरवल्यावर तिचा हॅश काढायचा आणि सही असलेल्या यादीतील हॅशशी ताडून पाहायचा. आमच्या वर्गात दोघे जण चौसष्ट अक्षरे मोठ्याने वाचून जुळवतात. एक अक्षर जरी वेगळे आले तरी फाइल डिलीट करायची, चौकशी नंतर.

वॉलेटच्या, म्हणजे नाण्यांच्या गुप्त चाव्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, बाबतीत ही सावधगिरी आणखी गरजेची आहे. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय जावास्क्रिप्ट लायब्ररीचा कारभार मूळ लेखकाने कंटाळून एका अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवला, आणि त्याने तिच्यात कोपे या बिटकॉइन वॉलेटच्या चाव्या चोरणारा कोड बसवला. हे नोव्हेंबर २०१८ मध्ये उघड झाले. वॉलेट बनवणाऱ्यांनी स्वतःच्या कोडमध्ये काहीच वावगे केले नव्हते.

इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनचे अनेक प्रोग्राम का असतात? एकच चांगला का नको?

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्याकडे काय केले ते आठवा. जिकडेतिकडे बीटी कापूस, अळीने त्याला दाद देणे बंद केले आणि शिवारच्या शिवार एकदम पोखरले गेले. सगळे नोड एकाच प्रोग्रामवर असले तर त्यातील एक चूक सगळ्यांना एकाच वेळी आडवे करते. म्हणून इथेरियममध्ये गेथ, नेदरमाइंड, बेसू असे वेगवेगळ्या चमूंनी वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले प्रोग्राम चालतात. २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेथवर हल्ले झाले तेव्हा पॅरिटी या दुसऱ्या प्रोग्रामने जाळे चालू ठेवले.

मात्र प्रमाण बिघडले की विविधता नावापुरतीच उरते. इथेरियमच्या आजच्या पद्धतीत दोन तृतीयांशांहून अधिक व्हॅलिडेटर (ब्लॉक पडताळून त्यांना मत देणारे) एकाच सदोष प्रोग्रामवर असले, तर चुकीची साखळीच अंतिम ठरू शकते. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये गेथची दुरुस्ती आल्यावरही ज्यांनी ती घ्यायला उशीर केला, त्यांचे नोड तीनच दिवसांत वेगळ्या साखळीवर भरकटले. सावकाशपणाचे मी वर कौतुक केले आहे; येथे तो अंगाशी आला.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे साखळीवर आपोआप चालणाऱ्या कराराच्या प्रोग्रामला, हीच सुरक्षा मिळते का?

नाही, आणि बहुतेक पैसा येथेच बुडतो. साखळी कॉन्ट्रॅक्ट जसे लिहिले आहे तसे इमानाने चालवते. ते शहाणपणाने लिहिले आहे की नाही, हे ती पाहत नाही. १७ जून २०१६ रोजी ‘द डाओ’ या सामाईक गुंतवणूक निधीमधून सुमारे ३६ लाख ईथर (इथेरियमचे चलन) उपसले गेले, कारण कॉन्ट्रॅक्ट पैसे आधी देत होते आणि खात्यातील शिल्लक नंतर कमी करत होते. २० जुलैला हार्ड फोर्क, म्हणजे जुन्या नियमांशी न जुळणारा बदल, करून ते परत वळवण्यात आले, आणि ज्यांना हे मान्य नव्हते ते इथेरियम क्लासिकवर राहिले.

६ नोव्हेंबर २०१७ रोजी पॅरिटीच्या सामाईक वॉलेटच्या लायब्ररीचे मालकत्व कोणीही घेऊ शकतो असे निघाले; एकाने ते घेतले आणि ती लायब्ररीच नष्ट केली. पाच लाखांहून अधिक ईथर कायमचे अडकले. ती लायब्ररी वापरात आणताना मालक नेमून टाका, अशी सूचना एकाने ऑगस्टमध्येच दिली होती. सोयीची सुधारणा समजून ती नंतरसाठी ठेवण्यात आली होती. या वेळी फोर्क झाला नाही.

गडचिरोलीत जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर टाकली होती म्हणतात. ती बदलता येणार नाहीत का?

एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांसाठी पॉलिगॉन या साखळीचा वापर करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला होता. अशा व्यवस्थेत नोंदवलेला ठसा मागाहून गुपचूप बदलता येत नाही, आणि कागदात खाडाखोड केली तर ती ताडून पाहताना उघडी पडते. पण मूळ नोंदच चुकीची घेतली असेल, तर ब्लॉकचेन ती चुकीची नोंदच जिवापाड जपते. त्याचा इलाज तहसीलमध्येच करावा लागतो.

एखादी नवी साखळी ‘ओपन सोर्स’ आहे म्हणून तिच्यावर विसंबावे का?

मागील वर्षी चौकातल्या चहाच्या टपरीवर एक जण लोकांना नवे कॉइन समजावून सांगत होता आणि दर वाक्याला ‘ओपन सोर्स आहे, भाऊ’ म्हणत होता. कोड कुठे आहे, असे मी विचारले, तर त्याने मोबाइलवर पीडीएफ दाखवली.

कोड खरोखर प्रसिद्ध असेल, तरी चाव्या कोणाकडे आहेत हे विचारावे. रोनिन या साखळीच्या पुलावर (एका साखळीतून दुसरीत पैसे नेण्याच्या सोयीवर) ९ पैकी ५ सह्या पुरेशा होत्या. मार्च २०२२ मध्ये हल्लेखोरांनी नेमक्या पाच चाव्या मिळवल्या, १,७३,६०० ईथर आणि वर अडीच कोटींहून अधिक यूएसडीसी (डॉलरशी बांधलेले डिजिटल चलन) नेले, आणि सहा दिवस कोणाला पत्ता नव्हता. कॉन्ट्रॅक्ट नंतर बदलण्याचा अधिकार एखाद्या कंपनीने राखून ठेवला आहे का, सामान्य माणसाला स्वतःचा नोड चालवता येतो का, आणि डेव्हलपरांनी सुचवलेला एखादा बदल लोकांनी कधी नाकारला आहे का, हेही पाहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कधीच नाही’ असे आले, तर मी तरी तेथे पैसे ठेवणार नाही.

आमच्या गावातील मुलाला या कामात भाग घेता येईल का?

येईल, त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. पहिल्याच दिवशी नवा कोड लिहायला जाऊ नये. दुसऱ्याचे प्रस्ताव उतरवून आपल्या यंत्रावर बांधावेत, चाचण्या चालवाव्यात, आणि जे बिघडले ते नीट लिहून कळवावे. सरावासाठी सिग्नेट हे वेगळे जाळे आहे, त्यावरील नाण्यांना किंमत नसते. आमच्या वर्गातील एका मुलीने चाचणीच्या सूचनांमधील एक चुकीची ओळ दुरुस्त करून पाठवली. तीन अनोळखी लोकांनी ती तपासली, एकाने स्वल्पविरामावरून हरकत घेतली, आणि अकराव्या दिवशी ती स्वीकारली गेली.